छंदाचं दुकान झालं की नाव कुठे जातं?

विज्ञानाच्या इतिहासात काम करायचंय असं म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा येते, विद्यापीठ येतं, फार तर एखादी सोसायटी आणि तिचं जर्नल येतं. दुकान कुणाच्याच यादीत नसतं. त्यातून ते लहान गावातलं, एका खिडकीचं, दगडधोंडे विकणारं दुकान असेल तर नाहीच नाही. या लेखात मी तुम्हाला अशाच एका दुकानात नेणार आहे. विषय म्हणून ते किती खोल जाऊ शकतं, आणि त्याचे पुरावे शोधताना कुठे कुठे हात घालावा लागतो, हे त्यातून दिसेल असं वाटतं.

गाव आहे लाइम रेजिस. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट परगण्यात. दुकान मेरी ॲनिंग हिचं. हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल, लहान मुलांच्या पुस्तकांत ती हल्ली बरीच दिसते. तिथे ती ‘जीवाश्म शोधणारी मुलगी’ म्हणून येते. कुत्रा, हातोडी, टोपी, वादळ आणि कड्यातून बाहेर डोकावणारा राक्षसी सांगाडा. हे सगळं खरंच आहे. पण त्या गोष्टीत गल्ला नाही. आणि माझ्या मते गल्ला काढून टाकला तर मेरी ॲनिंग समजतच नाही.

आधी किनारा बघू. लाइमच्या दोन्ही बाजूंना चुनखडी आणि शेल यांच्या थरांचे कडे आहेत, ‘ब्लू लायस’ नावाचे. साधारण वीस कोटी वर्षांपूर्वीचा हा समुद्रतळ. हिवाळ्यात पाऊस आणि लाटा यांच्या माऱ्याने दरडी कोसळतात आणि आतला माल उघडा पडतो. तो लगेच उचलला नाही तर पुढच्या भरतीला समुद्र घेऊन जातो. म्हणजे गोळा करायचा हंगाम हिवाळा. विकायचा हंगाम मात्र उन्हाळा, कारण गिऱ्हाईक उन्हाळ्यात येतं. फ्रान्सशी १७९३ पासून युद्ध पेटलं तेव्हा पैसेवाल्या इंग्रजांचं युरोपात हिंडणं बंद झालं आणि ते आपल्याच किनाऱ्यांवर हवापालटाला येऊ लागले. लाइमसारख्या गावांना त्यामुळे बरकत आली. या पाहुण्यांना घरी न्यायला काहीतरी चीजवस्तू लागायची.

आणि चीजवस्तू तर वाटेवर पडलेल्या. गावकऱ्यांची त्यांच्यासाठी आपली नावं होती. अमोनाइट म्हणजे ‘सापदगड’, बेलेम्नाइट म्हणजे ‘सैतानाची बोटं’, आणि मणक्यांच्या इंग्रजी शब्दाचा अपभ्रंश करून ‘व्हर्टबेरी’. अमोनाइट तुम्हाला परका वाटायचं कारण नाही. आपल्याकडे अनेकांच्या देवघरात जो चक्र असलेला शाळिग्राम असतो, तो गंडकी नदीतून आलेला अमोनाइटच. एकाच प्रकारचा दगड इकडे तुळशीपत्राखाली गेला आणि तिकडे पर्यटकाच्या खिशात. (कुणाला तुलनात्मक काम करायचं असेल तर घ्या, हा विषय मी सोडून देतेय!)

मेरीचे वडील रिचर्ड ॲनिंग सुतार होते, फर्निचर बनवायचे. फावल्या वेळात कड्यांखाली जाऊन जीवाश्म गोळा करायचे आणि दुकानासमोर टेबल मांडून पाहुण्यांना विकायचे. छंद आणि धंदा यांच्यात इथे रेघ ओढून दाखवा बरं! सुतारकामाच्या बाबतीत हा माणूस बहुधा स्वस्त नव्हता. १८०४ साली जेन ऑस्टिन लाइममध्ये राहिली होती. एका पेटीचं मोडकं झाकण दुरुस्त करायचे ॲनिंगने पाच शिलिंग सांगितले, आणि ही रक्कम खोलीतल्या सगळ्या सामानाच्या किमतीपेक्षा जास्त आहे, अशी तक्रार तिने बहिणीला लिहिलेल्या पत्रात आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशी पत्रं म्हणजे लॉटरी. शोधायला गेलो कादंबरीकार, आणि हाती लागला जीवाश्म विकणाऱ्या सुताराचा दर.

१८१० मध्ये रिचर्ड वारले. मागे १२० पौंडांचं कर्ज, बायको मॉली, मुलगा जोसेफ आणि अकरा वर्षांची मेरी. दहाएक मुलांपैकी ही दोनच जगली होती. त्या काळी डॉर्सेटमधल्या शेतमजुराला आठवड्याला दहा शिलिंगांच्या आत-बाहेर मिळायचे आणि वीस शिलिंगांचा एक पौंड, यावरून कर्जाचा अंदाज करा. घर चर्चच्या मदतीवर आलं. वडिलांनी फावल्या वेळात शिकवलेलं काम आता चूल पेटती ठेवायचं काम झालं. म्हणजे छंदाचं दुकान झालं ते हौसेने नव्हे. ‘आवड हेच करिअर’ वगैरे वाक्यं आपण आज फार वापरतो, ती इथे लावू नका. काळाची विसंगती म्हणतात ती हीच.

आता या घराण्याची पहिली मोठी विक्री जरा सावकाश पाहू. कारण यात नाव कसं पुसलं जातं ते पायरी-पायरीने दिसतं.

१८११ मध्ये जोसेफला चार फूट लांबीची एक कवटी सापडली. पुढच्या वर्षी मेरीने उरलेला सांगाडा शोधला. तो उकरून काढायला मजूर लावावे लागले. घरात खायची भ्रांत असताना मजूर लावणं म्हणजे भांडवल गुंतवणं, हे लक्षात घ्या. गावाजवळच्या कोलवे जहागिरीचे मालक हेन्ली यांनी तो सांगाडा २३ पौंडांना घेतला. शेतमजुराची जवळपास वर्षभराची कमाई. हेन्लींनी तो लंडनला विल्यम बुलक यांच्या खासगी संग्रहालयाकडे दिला. तिथे तो लोकांनी तिकीट काढून पाहिला. १८१४ मध्ये एव्हरार्ड होम या नामांकित शल्यविशारदाने रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याच्यावर लेख लिहिला आणि १८१९ पर्यंत तो लिहीतच राहिला. प्राणी नेमका कोणता यावर त्याचं मत दर लेखात बदलत होतं. सहा लेखांत ॲनिंग हे नाव एकदाही आलं नाही. उलट हाडं इतकी सफाईने साफ केल्याचं श्रेय त्याने बुलकच्या नोकरांना देऊन टाकलं. ते काम लाइममध्ये झालं होतं. १८१९ मध्ये बुलकच्या मालाचा लिलाव झाला आणि ब्रिटिश म्युझियमच्या चार्ल्स कोनिग यांनी हा सांगाडा ‘जीवाश्म झालेली मगर’ या वर्णनाखाली ४५ पौंड ५ शिलिंगांना घेतला. त्या जातीला इक्थिओसॉरस हे नाव मिळालं. कवटी आजही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

म्हणजे हेन्ली, बुलक, होम, कोनिग. दर टप्प्याला वस्तूची किंमत किंवा प्रतिष्ठा वाढली आणि दर टप्प्याला एक नाव चिकटलं. जे नाव गळलं ते विकणाऱ्याचं. का? खरेदीदाराच्या दृष्टीने त्याने पैसे मोजले तिथे हिशेब मिटला. भेट देणाऱ्याचे आभार मानायची रीत होती, विकणाऱ्याचे मानायची नव्हती. भाजी घेतल्यावर आपण भाजीवालीचं नाव डब्यावर लिहितो का? तसंच. यात होमचा स्वभाव किती आणि रीत किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. माझा कल रीतीकडे आहे, कारण होमपेक्षा पुष्कळ सभ्य माणसांनीही पुढे हेच केलं.

मधली दहा वर्षं हा धंदा चालवला तो मुख्यतः आईने, मॉलीने. मुलांच्या पुस्तकांतून ती जवळजवळ गायब असते. पण १८२१ मध्ये तिने ब्रिटिश म्युझियमला लिहिलेलं एक पत्र आहे. घेतलेल्या मालाचे पैसे अजून आले नाहीत, अशी आठवण देणारं. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत बोलका कागद. देशातली सगळ्यांत मोठी ज्ञानसंस्था, आणि एका विधवेची उधारी तिच्याकडे थकलेली. जिथे कौतुकाची पत्रं नसतात तिथे तगाद्याची पत्रं सापडतात, हे अभिलेखागारात बसायच्या आधी मनात पक्कं करा. पैसे थकले की माणूस लिहितो. आणि ज्याच्याकडे थकले ती संस्था असेल, तर ती ते पत्र फाइलला लावून ठेवते.

तरी १८२० पर्यंत परिस्थिती अशी होती, की भाडं भरायला घरातलं सामान विकायची वेळ आली. थॉमस बर्च नावाच्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने हे पाहिलं. तो ॲनिंगांचं जुनं गिऱ्हाईक. त्याने स्वतःचा जीवाश्मांचा संग्रह लंडनमध्ये लिलावात काढला, त्यातून सुमारे ४०० पौंड आले आणि ते या कुटुंबाच्या मदतीसाठी होते. युरोपातल्या संग्राहकांपर्यंत या लिलावाची बातमी गेली. दयेची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते, ती आहेच. पण तिचा दुसरा परिणाम बघा. लाइमच्या मालाचा भाव जाहीर झाला. एकाच ठिकाणचा इतका माल उघड बोलीत विकला गेल्यावर पुढच्या घासाघिशीला दोन्ही बाजूंना एक आधार मिळतो.

१८२३ च्या डिसेंबरात मेरीने एक जवळपास अख्खा प्लेसिओसॉर काढला. लांबच लांब मान, इवलंसं डोकं. त्याचं चित्र पॅरिसला पोचलं आणि जॉर्ज क्युव्हिए यांनी शंका घेतली. हे त्या वेळचे शरीररचनाशास्त्रातले सर्वांत मोठे अधिकारी. त्यांचं म्हणणं, एवढे मणके मानेत असूच शकत नाहीत, दोन प्राण्यांची हाडं जोडली असावीत. विचार करा, हीच शंका एखाद्या प्राध्यापकाच्या लेखावर आली असती तर काय झालं असतं? वाद झाला असता, एक चूक निघाली असती, पुढचा लेख आला असता. दुकानदारावर आली तर धंदा बसतो. बनावट माल विकणारी म्हणून एकदा नाव झालं की पुढचं गिऱ्हाईक येत नाही. आणि तेव्हा हाडं जोडून माल ‘सजवणं’ हे व्यापाऱ्यांत होतंच, त्यामुळे शंका हवेतली नव्हती.

जिऑलॉजिकल सोसायटीत यावर चर्चा झाली, सांगाडा तपासला गेला आणि क्युव्हिए यांनी आपली शंका मागे घेतली. २० फेब्रुवारी १८२४ रोजी विल्यम कॉनिबेअर यांनी त्याचं वर्णन सोसायटीत वाचलं. (त्याच संध्याकाळी बकलंड यांनी मेगॅलोसॉरस जाहीर केला. काय बैठक असेल!) कॉनिबेअर यांच्या वर्णनातही ॲनिंगचं नाव नाही. पण बाजारात मात्र नाव झालं. लाइमच्या त्या बाईचा माल खरा असतो, ही साख तिला क्युव्हिए यांच्याकडून, जणू त्यांच्या नाइलाजाने, मिळाली. विद्वानांच्या जगात श्रेय शून्य, गिऱ्हाइकांच्या जगात पत शंभर टक्के. या दोन खात्यांचे हिशेब वेगळे ठेवायला शिका. आपण त्यांची गल्लत करतो आणि मग ‘ती अज्ञात राहिली’ असं लिहून मोकळे होतो. ती अज्ञात नव्हती. तिच्या दुकानाचा पत्ता युरोपभरच्या संग्राहकांना ठाऊक होता.

आणि १८२६ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तिने पैसे साठवून समोर काचेची खिडकी असलेलं घर घेतलं. ॲनिंग्ज फॉसिल डेपो. टेबलावरून खिडकीपर्यंत यायला पाव शतक लागलं. काचेची खिडकी ही साधी गोष्ट वाटेल, पण टेबल पावसात उचलून आत न्यावं लागतं, खिडकी वर्षभर उभी असते. इक्थिओसॉरसचं डोकं तिथे मांडून ठेवता येतं. पुढच्याच वर्षी फेदरस्टनहॉ नावाचे भूवैज्ञानिक येऊन न्यूयॉर्कमधल्या निसर्गविज्ञान संस्थेसाठी इथून माल घेऊन गेले.

या दुकानात विकलं काय जायचं? ‘जीवाश्म’ हे उत्तर अर्धवट आहे. किनाऱ्यावरून उचललेला अमोनाइट स्वस्त. सांगाडा मात्र दगडाच्या लादीत असतो. तो जागच्या जागी ओळखावा लागतो, दोन भरत्यांच्या मधल्या वेळात सोडवावा लागतो, मग घरी नेऊन छिन्नीने हाड न दुखवता दगड काढावा लागतो. १८२४ मध्ये लेडी हॅरिएट सिल्व्हेस्टर या पाहुण्या बाईंनी आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलंय, की मेरी हाडं सिमेंटने चौकटीत बसवते आणि मग त्यांची चित्रं काढते. कुठलं हाड कुठे बसतं हे कळण्यासाठी ती आजचे मासे आणि माकुळ कापून बघायची. शास्त्रीय लेख हाताने उतरवून घ्यायची, चित्रांसकट. लेख विकत घेणं तिला परवडण्यातलं नव्हतं. तेव्हा गिऱ्हाईक दगडाबरोबर हे सगळं ज्ञानही घेऊन जात होतं, आणि त्याची वेगळी किंमत कुठल्याच पावतीवर नसायची. ॲना मारिया पिनी या तिच्या तरुण मैत्रिणीच्या रोजनिशीत हीच खंत नोंदलेली आहे: मजकूर पुरवते मेरी, पुस्तकं काढून नाव कमावतात विद्वान.

आता याच गावातल्या फिलपॉट बहिणी घ्या. १८०५ च्या सुमारास त्या लाइमला राहायला आल्या. सुस्थितीतल्या, शिकलेल्या. त्यांनाही जीवाश्मांचा तोच नाद. एलिझाबेथ फिलपॉट तर मेरीबरोबर किनाऱ्यावर हिंडायची. बेलेम्नाइटमधल्या सुकलेल्या शाईच्या पिशवीतली शाई पाण्यात कालवून तिने त्याच शाईने जीवाश्मांची चित्रं काढली. फिलपॉटांना विकायची गरज नव्हती. त्यांचा संग्रह घरात राहिला, नोंदी-चिठ्ठ्यांसकट राहिला आणि पुढे ऑक्सफर्डच्या संग्रहालयात गेला. तो आजही ‘फिलपॉट संग्रह’ आहे. मेरीने काढलेला माल मात्र विकला गेला तसा देशोदेशी पांगला. एकच किनारा, तोच काळ, दोघी बायका. फरक एवढाच की एकीचा छंद छंदच राहिला आणि दुसरीचं दुकान झालं. मेरीला श्रेय मिळालं नाही ते ती स्त्री होती म्हणून, असं सरसकट लिहिण्याआधी ही तुलना करून बघा. स्त्री असणं होतंच. जिऑलॉजिकल सोसायटीने स्त्रियांना सभासद करून घेतलं ते १९१९ मध्ये. त्याला वर्ग जोडा, इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरचा तिचा पंथ जोडा, आणि या सगळ्याला ‘विकते’ हे क्रियापदही जोडा.

क्रियापद किती महत्त्वाचं आहे ते दोन पाहुण्यांच्या नोंदींतून दिसतं. १८३२ मध्ये गिडियन मॅन्टेल दुकानात येऊन गेले. इग्वानोडॉनचे शोधकर्ते, पेशाने डॉक्टर. त्यांनी लिहिलं, की दुकान लहानसं, घाणेरडं, आणि शेकडो नमुने अस्ताव्यस्त रचलेले. १८४४ मध्ये सॅक्सनीचा राजा आला. त्याच्याबरोबरचे वैद्य कार्ल गुस्टाफ कारुस यांनी लिहिलं, की खिडकीतली इक्थिओसॉरसची कवटी आणि देखणे अमोनाइट पाहून आम्ही आत शिरलो. सहा फुटी सांगाडा पंधरा पौंडांना विकायला होता आणि तो त्यांना चांगला सौदा वाटला. नाव-पत्ता मागितला तेव्हा मेरीने तो स्वतःच्या हाताने कारुसच्या वहीत लिहिला आणि वही परत देताना सांगितलं, की मला सगळ्या युरोपात ओळखतात.

मग दुकान घाणेरडं होतं की देखणं? बारा वर्षांत आवराआवर झाली असेल, हेही शक्य आहे. पण लिहिणारा कोण ते आधी बघा. मॅन्टेल स्वतः संग्राहक होते. त्यांनी आपलं घरच संग्रहालय करून टाकलं होतं, आणि १८३८ मध्ये तो संग्रह ब्रिटिश म्युझियमला ४००० पौंडांना विकला. हो, विकला. पण त्यांना कुणी दुकानदार म्हटलं नाही. एकदाच, घाऊक आणि संस्थेला विकलं तर ते विद्वत्तेचं काम. रोज, किरकोळ आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विकलं तर दुकान. प्रतिस्पर्ध्याच्या गाळ्याबद्दल लिहिताना माणूस धूळ जास्त बघतो, आणि परगावचा ग्राहक खिडकी जास्त बघतो. दोन्ही साक्षी ठेवा.

दुकानाची कमाई कधीच सरळ नव्हती. वर्षभरात एखादा मोठा सांगाडा सापडला तर सापडला. १८३३ मध्ये दरड कोसळली आणि तिचा कुत्रा ट्रे तिच्या डोळ्यांदेखत, अगदी पायाशी गाडला गेला. हा धोका किमतीत कुठे धरायचा? १८३० च्या सुमारास देशात मंदी आली तेव्हा मोठे खरेदीदार आटले. हेन्री डे ला बेश या तिच्या बालमित्राने, जो एव्हाना नामवंत भूवैज्ञानिक झाला होता, तिच्याच जीवाश्मांवरून प्राचीन समुद्राचं एक चित्र काढलं आणि त्याचे छाप विकून पैसे तिला दिले. पुढे विद्वान मित्रांनी खटपट करून तिला वर्षाला २५ पौंडांचं निवृत्तिवेतन मिळवून दिलं. ज्यांनी लेखांत नाव घातलं नाही त्यांच्यातलेच काही यात होते. श्रेय द्यायला हात आखडता, मदत द्यायला मोकळा. मला यात ढोंग दिसत नाही. मालकाने जुन्या माणसाची काळजी घ्यावी तशी ही काळजी आहे, आणि म्हणूनच ती जास्त बोचते.

९ मार्च १८४७ रोजी स्तनाच्या कर्करोगाने ती गेली. हयातीत तिच्या नावाने शास्त्रीय नियतकालिकात छापला गेला तो एक पत्राचा उतारा, १८३९ मधला. त्यात ती काय म्हणते? एका लेखकाने नवीन म्हणून जाहीर केलेला शार्कचा प्रकार नवीन नाही, असा नमुना मला फार पूर्वीच सापडलाय. इतक्या वर्षांच्या मालाची आठवण असलेला दुकानदारच हे सांगू शकतो.

जाता जाता एक इशारा. समुद्रकाठी शिंपले विकणाऱ्या बाईवरचं जे इंग्रजी वाक्य आपण ‘कच्चा पापड पक्का पापड’सारखं भरभर म्हणतो, ते मेरी ॲनिंगवर आहे असं सर्रास छापलं जातं. तिच्या काळातला एकही पुरावा त्याला नाही. प्रबंधात घालू नका, व्हायव्हात अडकाल.

तर पुरावे कुठे शोधायचे? दुकानाच्या बाजूने लिहिलेलं थोडं असतं, खरेदीदारांच्या बाजूचं भरपूर. म्हणून संग्रहालयाच्या आवक नोंदवह्या, लिलावाच्या याद्या, पाहुण्यांच्या रोजनिशा, थकबाकीची पत्रं. नोंदवहीत ‘अमुक यांजकडून खरेदी’ असं दिसलं की थांबा आणि त्या अमुकने कुणाकडून घेतलं ते विचारा. ह्यू टॉरन्स यांनी १९९५ च्या आपल्या निबंधात मेरीच्या बाबतीत हेच चिकाटीने केलं. त्या निबंधाची रचना बघा, एकेक नमुना धरून माग काढलेला आहे.

आणि यासाठी डॉर्सेटला जायलाच हवं असं नाही. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत झिओलाइट आणि त्यांच्या जोडीच्या खनिजांचे जे स्फटिक मिळतात, त्यांना जगभरच्या संग्राहकांत मागणी आहे. स्टिल्बाइट, अपोफिलाइट, आणि पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीतलं गर्द निळं कॅव्हनसाइट. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय याच नादातून आणि व्यापारातून उभं राहिलं, ते पाहून या. परदेशातल्या संग्रहालयांत हे नमुने आहेत आणि खालच्या पाटीवर ‘पूना’ किंवा ‘जळगाव’ एवढंच लिहिलेलं असतं, फार तर देणगीदाराचं नाव. खाण मुळात खडीसाठी. सुरुंगानंतर पोकळी उघडली की आतला खडा न फोडता बाहेर काढणारा हात कुणाचा, त्याला तो ओळखायला कुणी शिकवलं, त्याने तो कुणाला कितीला विकला, पहिली टपरी कुणी मांडली? लाइमसारखेच प्रश्न, आणि इथे तर साक्षीदार जिवंत आहेत. वाघोलीतलं निळं खनिज मोठ्या प्रमाणावर बाजारात आलं ते १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून. तेव्हा विशी-तिशीत असलेले कामगार आज साठीच्या आसपास आहेत, आणि खाणींच्या भोवती इमारती उठताहेत. तुमच्यापैकी कुणाला विषय हवा असेल तर रेकॉर्डर घेऊन आधी तिथे जा, संग्रहालयाला पत्र नंतर लिहिता येईल.